कारण, करण आणि उद्दीपन : अमेरिकेतील सामूहिक गोळीबारांविषयीच्या लेखनाची समीक्षा

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळा, प्रार्थनामंदिरे, बाजार, चित्रपटगृहे अशा सार्वजनिक ठिकाणी एखाद्या इसमाने अपरिचितांवर गोळीबार करून अनेकांचे प्राण घ्यावेत, असे प्रसंग गेल्या सुमारे साठ वर्षांत पुनःपुन्हा घडले आहेत. १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेला गोळीबार हा या मालिकेचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. पुढे कोलंबाइन (१९९९), न्यूटाउन (२०१२), उवाल्डी (२०२२) ही गावांची व शाळांची नावे भूगोलापेक्षा या दुर्घटनांमुळेच जगाला परिचित झाली. या विषयावर अमेरिकेत विपुल लेखन झाले आहे. त्यात वृत्तांतात्मक ग्रंथ आहेत, कादंबऱ्या व चित्रपट आहेत, न्यायालयीन निकालपत्रे आहेत आणि समाजशास्त्रीय अनुसंधानही आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही निवडक कृती घेऊन त्यांतील कारणविचाराची परीक्षा करावयाची आहे.

परीक्षेचे सूत्र आरंभीच सांगणे बरे. या लेखनात दोन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळलेले आढळतात. ‘याच माणसाने असे का केले?’ हा पहिला प्रश्न होय. ‘याच देशात असे इतक्या वेळा का घडते?’ हा दुसरा. पहिला प्रश्न व्यक्तीचा आहे व त्याचे उत्तर चरित्रात, मनोविश्लेषणात किंवा कादंबरीत शोधता येते. दुसरा प्रश्न तुलनेचा आहे आणि एका व्यक्तीचे चरित्र कितीही सूक्ष्मपणे अभ्यासले तरी त्यातून त्याचे उत्तर निघणे शक्य नाही. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचे दिल्याचा आभास निर्माण करणे, हा या वाङ्मयाचा प्रमुख दोष आहे, असे आमचे मत आहे.

हा घोटाळा व्याख्येपासूनच सुरू होतो. ‘गन व्हायोलन्स आर्काइव्ह’ ही संस्था, हल्लेखोर वगळून चार किंवा अधिक व्यक्तींना गोळी लागली की तो प्रसंग सामूहिक गोळीबार गणते. या हिशेबाने २०२० ते २०२३ या प्रत्येक वर्षी सहाशेहून अधिक प्रसंग नोंदले गेले. उलट, जिलियन पीटरसन व जेम्स डेन्सली या संशोधकांनी सार्वजनिक ठिकाणी चार किंवा अधिक व्यक्ती मृत्यू पावलेले प्रसंगच विचारात घेतले. या हिशेबाने वर्षाचा आकडा सहसा दहाच्या आतबाहेर राहतो. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी योग्य आहेत. परंतु पहिल्या व्याख्येचा आकडा उच्चारावयाचा आणि कारणे मात्र दुसऱ्या व्याख्येत बसणाऱ्या एकाकी, आत्मघातकी तरुणाच्या मनात शोधावयाची, हा प्रकार वादाच्या दोन्ही पक्षांत सर्रास चालतो. शिवाय, या सर्व प्रसंगांतील मृत्यू हा अमेरिकेतील बंदुकीच्या मृत्यूंचा अत्यल्प अंश आहे. २०२१ मध्ये तेथे बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. या मोठ्या संख्येकडे साहित्याचे लक्ष क्वचितच जाते.

२

कारणविचाराची परिभाषा आपल्या परंपरेत चांगली घडलेली आहे. तिचा उपयोग येथे केवळ अलंकारासाठी केलेला नसून भेद स्पष्ट व्हावेत म्हणून केला आहे. नैयायिक घटाचे उदाहरण घेऊन समवायी, असमवायी व निमित्त असे कारणाचे तीन प्रकार सांगतात आणि त्या कारणांतील असाधारण कारणास ‘करण’ म्हणतात. वृक्ष तोडण्याच्या क्रियेत कुऱ्हाड हे करण. वैयाकरणही क्रियासिद्धीस जे सर्वाधिक साधक तेच करण मानतात. याबरोबरच नैयायिकांनी ‘अन्यथासिद्ध’ अशी एक कोटी कल्पिली आहे. घटाच्या पूर्वी कुंभाराचा बाप असतो, माती वाहणारे गाढवही असते. परंतु केवळ पूर्वी असणे म्हणजे कारण असणे नव्हे.

‘बंदुका माणसे मारीत नाहीत, माणसे माणसांना मारतात’ ही अमेरिकेतील सुप्रसिद्ध घोषणा या परिभाषेत तपासून पाहावी. ‘माणसाने बंदुकीने माणसे मारली’ या साध्या मराठी वाक्यात कर्ता व करण ही दोन्ही तृतीयेतच येतात. त्यांचा प्रत्यय एक, कारकार्थ भिन्न. कर्त्याला करण समजणे जसे अयोग्य, तसेच कर्ता सांगितला म्हणजे करण निकामी झाले असे समजणेही अयोग्यच. उपरोक्त घोषणेत कर्त्याविषयीचे एक खरे विधान करून करणाचा प्रश्न बाजूला सारला आहे. तिला असत्य म्हणता येत नाही. ती अपुरी आहे.

करण खरोखर असाधारण आहे की नाही हे अन्वय-व्यतिरेकानेच ठरेल. १४ डिसेंबर २०१२ या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. चीनच्या हेनान प्रांतातील एका प्राथमिक शाळेत एका इसमाने सुरा घेऊन मुलांवर हल्ला केला; वीसहून अधिक मुले जखमी झाली, परंतु एकही दगावले नाही. त्याच दिवशी अमेरिकेतील न्यूटाउन येथील सॅंडी हूक शाळेत अर्ध-स्वयंचलित रायफलीने काही मिनिटांच्या अवधीत २० मुले व शाळेतील ६ प्रौढ व्यक्ती ठार झाल्या. एका जोडीवरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. जपानमधील ओसाका येथे २००१ मध्ये सुऱ्यानेच ८ शाळकरी मुलांचे प्राण घेतले गेले होते. बंदूक नसेल तर संहार अशक्य, असे म्हणता येणार नाही. तो अधिक कष्टसाध्य, अधिक विरळ आणि सामान्यतः कमी प्राणघातक होतो, एवढेच म्हणता येईल.

आता अन्यथासिद्धाचा विचार करू. हिंसक व्हिडिओ खेळ, धर्मश्रद्धेचा ऱ्हास, विभक्त कुटुंब, मनोविकार ही कारणे प्रत्येक दुर्घटनेनंतर पुढे येतात. व्हिडिओ खेळ जपान व दक्षिण कोरियात अमेरिकेइतकेच लोकप्रिय आहेत. मनोविकार कोणत्याही एका राष्ट्राची मिरासदारी नव्हे. गंभीर मनोविकार समूळ नाहीसे झाले तरी एकूण हिंसाचार सुमारे ४ टक्क्यांनीच घटेल, असा जेफ्री स्वॉन्सन यांचा अंदाज आहे. याउलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांपाशी ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे सुमारे १२०. कॅनडात हे प्रमाण सुमारे ३५ आणि भारतात सुमारे ५ होते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जो घटक खरोखर देशपरत्वे बदलतो, त्यालाच प्रथम स्थान दिले पाहिजे.

३

या कसोटीवर डेव्ह कलन यांचा ‘कोलंबाइन’ (२००९) हा ग्रंथ प्रथम घेऊ. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील या शाळेत दोघा विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी व एक शिक्षक यांना ठार मारून आत्महत्या केली. कलन यांनी दहा वर्षे या प्रकरणाचा अभ्यास केला. हल्लेखोर छळले गेलेले बहिष्कृत होते, ते काळे डगले घालणाऱ्या टोळीतले होते, त्यांनी खेळाडूंना वेचून मारले, या सर्व कथा पहिल्या काही तासांतच वार्ताहरांच्या लेखणीतून जन्मल्या व पुराव्याने त्या टिकत नाहीत, हे त्यांनी साधार दाखविले. दंतकथा कशी घडते याचा असा चिकित्सक आलेख वृत्तांतवाङ्मयात विरळा. हा या ग्रंथाचा चिरस्थायी गुण होय.

दंतकथा पाडल्यावर कलन जे स्पष्टीकरण उभे करतात, ते मात्र पुन्हा व्यक्तीचेच आहे. दोघांपैकी एक जण सहानुभूतिशून्य, मनोविकृत प्रकृतीचा आणि दुसरा विषादग्रस्त, आत्मघाताकडे झुकलेला, असे निदान ते तज्ज्ञांच्या आधारे मांडतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते स्वीकारण्यास आमची हरकत नाही. तथापि, अशा प्रकृतीची माणसे सर्वत्र जन्मतात. मग सर्वत्र कोलंबाइन का घडत नाही? या प्रश्नाची सामग्री खुद्द कलन यांच्याच ग्रंथात विखुरलेली आहे. त्या दोघांचा मूळ बेत बॉम्बचा होता. उपाहारगृहात त्यांनी ठेवलेले दोन मोठे बॉम्ब फुटले असते, तर शेकडो मुले मेली असती. ते फुटले नाहीत. जे साधन त्यांना स्वतः घडवावे लागले ते निकामी ठरले; जे बाजारात तयार मिळाले ते चालले. चारपैकी तीन बंदुका एका अठरा वर्षांच्या परिचित व्यक्तीकरवी शस्त्रप्रदर्शनातील खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या, आणि त्या व्यवहारात खरेदीदाराच्या पूर्ववृत्ताची तपासणी करण्याचे बंधन विक्रेत्यावर नव्हते. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये सार्वमताने ही फट बुजविली.

बॉम्ब फसले आणि बंदुका चालल्या, या वस्तुस्थितीचे महत्त्व कलन यांना कथनाच्या दृष्टीने पुरेपूर जाणवले आहे. कारणविचारात मात्र त्यांनी तिला तिचे स्थान दिलेले नाही. पुढे ‘पार्कलंड’ (२०१९) या ग्रंथात त्यांनी हल्लेखोराचे नावही न घेता, वाचलेल्या विद्यार्थ्यांनी कडक शस्त्रकायद्यांसाठी उभारलेल्या चळवळीचा वृत्तांत लिहिला. एकाच लेखकाचे लक्ष दहा वर्षांत पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे वळले, याची नोंद अभ्यासकाने घेतली पाहिजे.

४

लायनल श्रायव्हर यांची ‘वुई नीड टु टॉक अबाउट केविन’ (२००३) ही कादंबरी याच पार्श्वभूमीवर लिहिली गेली व २००५ मध्ये तिला ऑरेंज पारितोषिक मिळाले. हत्याकांड करणाऱ्या मुलाची आई पतीस उद्देशून पत्रे लिहिते, अशी तिची रचना आहे. आईला मुलाविषयी वात्सल्य वाटलेच नाही. मग मूल दुष्ट निपजले ते यामुळे, की मूल मुळातच दुष्ट होते म्हणून वात्सल्य उपजले नाही? निवेदिका स्वतः आरोपी, साक्षीदार व न्यायाधीश अशा तिन्ही भूमिकांत असल्यामुळे या प्रश्नाचा निकाल लागू शकत नाही आणि कादंबरी तो लावीतही नाही. शेवटी कारण विचारले असता मुलगाही आपल्याला पूर्वी ते ठाऊक आहे असे वाटे, आता तशी खात्री नाही, अशा आशयाचे उत्तर देतो. कारणाच्या शोधाचा असा प्रामाणिक शेवट करण्याचे धैर्य फार थोड्या वृत्तांतकारांनी दाखविले आहे.

परंतु समीक्षकाचे लक्ष एका तपशिलाकडे विशेषत्वाने जावयास हवे. केविन बंदूक वापरीत नाही. तो क्रॉसबो, म्हणजे घोडा ओढून बाण सोडावयाचे आडवे धनुष्य, वापरतो. या एका निवडीने लेखिकेने करणाचा प्रश्न कादंबरीबाहेर ठेवला व वाचकाला माता-पुत्राच्या संबंधावर खिळवून ठेवले. कलादृष्ट्या ही निवड समर्थनीय आहे. बंदूक आली असती तर कादंबरी एका सार्वजनिक वादाचे परिशिष्ट ठरण्याचा धोका होता.

गंमत अशी की, बाहेर ठेवलेले करण कथानकाच्या यंत्रणेत मागल्या दाराने परत येते. धनुष्याने अनेकांना मारावयाचे तर बळी जागचे हलता कामा नयेत. म्हणून केविनला खोटी पत्रे पाठवून निवडक विद्यार्थ्यांना व्यायामशाळेत जमवावे लागते आणि दारांना कुलपे घालावी लागतात. प्रत्यक्षातील हल्लेखोराला असा खटाटोप करावा लागत नाही. उघड्या दारातून आत शिरणे त्याला पुरते. संभाव्यतेचे नियम पाळावयाचे म्हणून लेखिकेला जी रचना करावी लागली, तीच बंदुकीच्या असाधारणतेचा व्यतिरेकी पुरावा ठरते. या कादंबरीचा सामाजिक कारणमीमांसा म्हणून दाखला देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. केविनची गोष्ट पहिल्या प्रश्नाची आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी ती जे सांगते ते हेतुपुरस्सर सांगितलेले नाही, आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे.

मायकेल मूर यांचा ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ (२००२) हा अनुबोधपट याच्या उलट दिशेने जातो. दुसरा प्रश्न उघडपणे विचारण्याचे श्रेय मूर यांना दिलेच पाहिजे. चित्रपटाचे नावच अन्यथासिद्धाचे उदाहरण आहे: हल्लेखोर एका गायकाची गाणी ऐकत म्हणून संगीताला दोष द्यावयाचा, तर ते बोलिंगही खेळत; मग त्या खेळाला दोष का देऊ नये? खंडन चोख आहे. मंडन मात्र दुबळे आहे. कॅनडातही बंदुका पुष्कळ आहेत, तरी तेथे हत्या थोड्या. तस्मात् बंदूक हे कारण नव्हे, वृत्तमाध्यमांनी पोसलेली भीती हे कारण, असा त्यांचा युक्तिवाद आहे. परंतु कॅनडातील बंदुका प्रामुख्याने शिकारीच्या लांब नळीच्या आहेत आणि पिस्तुलांची नोंदणी तेथे १९३४ पासून सक्तीची आहे. बंदूक या एका शब्दाखाली भिन्न वस्तू घातल्यामुळे व्यतिरेक बिघडला.

तरीही चित्रपटातील सर्वांत परिणामकारक प्रसंग कोणता? कोलंबाइनमध्ये जायबंदी झालेल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन मूर केमार्ट या दुकानसाखळीच्या मुख्य कार्यालयात जातात आणि पिस्तुलाच्या काडतुसांची विक्री टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे आश्वासन मिळवितात. भीतीचा सिद्धान्त सांगणाऱ्या कृतीतील एकमेव प्रत्यक्ष यश करणाशी संबंधित आहे. मूर यांच्या उपपत्तीवर त्यांच्या स्वतःच्याच चित्रपटाने केलेली ही टीका होय.

५

येथवर करणाचा विचार झाला. परंतु अमेरिकेत हे करण बाळगणे हा हक्क मानलेला आहे. त्यामुळे हक्काची संहिता तपासल्याविना चर्चा पुरी होणार नाही.

१७९१ मध्ये संमत झालेली दुसरी घटनादुरुस्ती हे एकच वाक्य आहे. सुव्यवस्थित नागरी सेना स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक असल्याचे त्याचा पूर्वार्ध सांगतो. शस्त्रे बाळगण्याचा व धारण करण्याचा लोकांचा हक्क बाधित होऊ नये, असे उत्तरार्ध सांगतो. पूर्वार्धाची रचना आपल्या सति सप्तमीसारखी आहे. सति सप्तमी कधी केवळ काल, कधी हेतू, तर कधी अटही सूचित करते, हे संस्कृताच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. पूर्वार्धाने उत्तरार्ध मर्यादित होतो की केवळ प्रास्ताविक होतो, या प्रश्नावर हजारो पृष्ठे खर्ची पडली आहेत.

डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर (२००८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा हक्क सैन्यसेवेशी निगडित नसून व्यक्तीचा आहे, असा निर्णय दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्कालिया यांचे व प्रमुख भिन्नमतपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे. साहित्याच्या अभ्यासकाने दोन्ही मुळातून वाचावीत. अर्थनिर्णयाच्या दोन पद्धतींचा असा आमनेसामने प्रयोग दुर्मीळ आहे. दोघेही अठराव्या शतकातील शब्दार्थ शोधतात, आणि दोघांनाही आपापला अर्थ सापडतो. ‘शस्त्रे धारण करणे’ या पदसमूहाचा रूढ अर्थ प्रामुख्याने सैनिकी नव्हता, असे स्कालिया म्हणतात. नंतर त्या काळातील मुद्रित लेखनाचे विशाल संगणकीय संग्रह उपलब्ध झाले. त्यांवर काम करणाऱ्या भाषाभ्यासकांना या पदसमूहाचा बहुतांश वापर सैनिकी अर्थानेच झालेला आढळला. शब्दकोशातून अर्थ काढणे व प्रयोगातून अर्थ काढणे यांतील अंतर दाखविण्यास याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. मात्र एवढ्याने व्यक्तीचा हक्क निराधार ठरतो असेही नाही. ‘बाळगणे’ हे क्रियापद त्या वाक्यात स्वतंत्रपणे उभे आहेच.

इतिहासाच्या बाजूनेही सर्वच काम निष्कलंक नाही. मायकेल बेलिझील्स यांच्या ‘आर्मिंग अमेरिका’ (२०००) या ग्रंथाने, आरंभीच्या अमेरिकेत बंदुका फारशा नव्हत्याच, असे मृत्युपश्चात मालमत्तेच्या याद्यांवरून प्रतिपादन केले. त्यास प्रतिष्ठेचे बॅंक्रॉफ्ट पारितोषिक मिळाले. पुढे त्या याद्यांची छाननी होता आकडे जुळेनात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या याद्या पाहिल्याचा दावा होता, त्या १९०६ च्या भूकंप-आगीत नष्ट झाल्याचे निदर्शनास आले. २००२ मध्ये लेखकाने विद्यापीठातील पद सोडले व पारितोषिक परत घेण्यात आले. निष्कर्ष आपल्याला अनुकूल आहे म्हणून परीक्षकांनी पुरावा सैलपणे तपासला, असे या प्रकरणावरून म्हणावे लागते. उलट बाजूस जॉन लॉट यांच्या ‘मोअर गन्स, लेस क्राइम’ (१९९८) या ग्रंथाचीही परीक्षा झाली. शस्त्र जवळ बाळगून हिंडण्याच्या परवान्यांमुळे गुन्हे घटतात किंवा वाढतात, यांपैकी काहीही उपलब्ध पुराव्याने सिद्ध होत नाही, असा राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीचा बहुमताचा अभिप्राय २००४ मध्ये आला. घरातील बंदुकीच्या धोक्याविषयीचे संशोधन मात्र १९९६ नंतर जवळजवळ थंडावले. शासकीय आरोग्यसंस्थेचा निधी शस्त्रनियंत्रणाच्या पुरस्कारार्थ वापरू नये, असे कलम विधिमंडळाने घातले होते. त्यापायी संस्थेने या विषयाकडेच पाठ फिरविली. २०१९ च्या अखेरीस पुन्हा निधी मंजूर होईपर्यंत दोन दशके गेली. ज्ञानाचा अभाव हा कधीकधी नैसर्गिक नसून निर्मित असतो.

या हक्काच्या चर्चेत भारताचा उल्लेख अनपेक्षितपणे येतो, म्हणून त्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. भारतीयांना निःशस्त्र करणाऱ्या १८७८ च्या कायद्याचा गांधीजींनी केलेला तीव्र निषेध अमेरिकेतील शस्त्रहक्कवादी आवडीने उद्धृत करतात. तो निषेध खरा आहे. परंतु तो १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातील आहे. शस्त्रविद्या शिकावयाची तर सैन्यात भरती व्हा, असा त्याचा रोख होता. संदर्भ जोडला की ते वचन ‘शस्त्रे धारण करणे’ या पदसमूहाच्या सैनिकी अर्थाकडेच झुकते. काँग्रेसने १९३१ च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला होता. घटनासमितीत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी तोच हक्क संविधानात घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घेण्याचा हक्क प्रत्येकास दिल्यास राज्यकारभार चालणार कसा, असे त्यांनी विचारले आणि आग्रह धरावयाचा तर तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नसून कर्तव्याचा धरावा, असे प्रतिपादिले. सूचना फेटाळली गेली, आणि आपल्या संविधानात सभेचा हक्क ‘शांततेने व विनाशस्त्र’ या मर्यादेसह आला. परकी सत्तेने शस्त्रे हिरावून घेतल्याचा अनुभव असलेल्या राष्ट्राने, स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पुन्हा मुळातून विचारात घेऊन निराळे उत्तर दिले. ते उत्तर अमेरिकेस जसेच्या तसे लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. हक्कही पुनर्विचारास पात्र असतो, एवढेच त्यातून दिसते.

६

आता उरतो लेखनाच्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न. स्टीफन किंग यांची ‘रेज’ ही कादंबरी १९७७ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाली. शाळेत बंदूक घेऊन आलेला एक मुलगा वर्गाला ओलीस धरतो, असे तिचे कथानक आहे. पुढे १९९७ मध्ये केंटकीतील एका शाळेत तीन मुलींचे प्राण घेणाऱ्या विद्यार्थ्यापाशी या पुस्तकाची प्रत आढळली, आणि किंग यांनी ती कादंबरी बाजारातून काढून घेतली. कायद्याने त्यांना तसे करण्यास भाग पाडले नव्हते. २०१३ मधील ‘गन्स’ या निबंधात त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली: पुस्तकाने त्या मुलांना बिघडविले नाही, परंतु आधीच पेटलेल्या मनात त्याने भर घातली असणे शक्य आहे.

आपल्या काव्यशास्त्रात याला नेमका शब्द आहे: उद्दीपन. उद्दीपन विभाव भाव निर्माण करीत नाही. असलेला भाव प्रदीप्त करतो. पीटरसन व डेन्सली यांच्या ‘द व्हायोलन्स प्रोजेक्ट’ (२०२१) या ग्रंथातून हेच शास्त्रीय रीतीने पुढे येते. बालपणीचा आघात, अलीकडचे संकट, पूर्वीच्या हल्लेखोरांचे अनुकरण आणि शस्त्राची उपलब्धता हे चार घटक त्यांना पुनःपुन्हा आढळले. यांतील तिसरा घटक उद्दीपन, चौथा करण. या ग्रंथाचा विशेष असा की, तो पहिल्या प्रश्नापासून निघून दुसऱ्यापर्यंत पोहोचतो व त्यांतील सीमा पुसत नाही. हल्लेखोराचे नाव व छायाचित्र वारंवार छापू नये, ही अलीकडे रुजलेली प्रथा उद्दीपनाच्या याच जाणिवेतून आली आहे. प्रस्तुत लेखातही ती पाळली आहे.

किंग यांच्या निबंधातील युक्तिवाद मात्र आणखी एक पाऊल पुढे जातो. मी माझे उद्दीपन स्वेच्छेने मागे घेतले. तुम्ही तुमच्या काही करणांविषयी तसाच विचार का करीत नाही, असे ते शस्त्रधारकांना विचारतात. ते स्वतः शस्त्रधारक असल्यामुळे या प्रश्नास वजन प्राप्त होते. त्यास शस्त्रहक्कवाद्यांचे उत्तरही तुच्छ लेखण्याजोगे नाही. कोट्यवधी शस्त्रधारक आयुष्यभर कोणावरही गोळी झाडीत नाहीत. थोड्यांच्या अपराधापायी सर्वांचा हक्क का संकुचित व्हावा? हा प्रश्न न्यायाचा आहे आणि आकडेवारीने तो निकालात निघत नाही.

७

तात्पर्य, कारणाचा प्रश्न आणि हक्काचा प्रश्न यांची गल्लत करता कामा नये. बंदूक हे करण आहे हे मान्य केल्याने हक्क आपोआप रद्द होत नाही. हक्क मान्य केल्याने बंदूक करण असल्याची वस्तुस्थितीही पुसली जात नाही. ऑस्ट्रेलियात १९७९ ते १९९६ या काळात पाच किंवा अधिक बळी गेलेले १३ गोळीबार झाले. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यानंतर अर्ध-स्वयंचलित रायफलींवर बंदी आली, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका शासनाने विकत घेतल्या, आणि पुढील वीस वर्षे तसा एकही प्रसंग घडला नाही. २०१८ मध्ये व त्यानंतर असे प्रसंग तेथे पुन्हा घडले. म्हणजे उपाय संपूर्ण नव्हता. पण उपाय कशावर झाला हे स्पष्ट आहे. अमेरिकेने असा उपाय करावा की करू नये, हे तेथील नागरिकांनी ठरवावयाचे आहे. उवाल्डीत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्यावर महिन्याभरातच, जून २०२२ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात शस्त्रहक्काची कक्षा रुंदावली; २०२४ च्या रहिमी खटल्यात त्याच न्यायालयाने कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणी प्रतिबंधक आदेश असलेल्या व्यक्तीचे शस्त्र काढून घेता येते, असेही म्हटले. मंथन चालू आहे.

समीक्षकाचे काम यापेक्षा मर्यादित आहे. एखादे राष्ट्र एखाद्या हक्काची किंमत म्हणून काही मृत्यू पत्करू शकेल. तसे असेल तर ते तसे उघडपणे बोलले पाहिजे, आणि ती किंमत व्हिडिओ खेळांच्या, मनोविकारांच्या किंवा एखाद्या आईच्या खात्यावर मांडता कामा नये. या विषयावरील पुढील ग्रंथ हाती घेताना वाचकाने प्रथम एवढेच पाहावे: लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिल्याचे तो भासवीत आहे.